तीन गळे, चार कॉर्ड: साठ-सत्तरच्या पॉपसारखी हार्मनी घरी कशी रेकॉर्ड करायची

बीच बॉइज, बीटल्स, क्वीन, आबा, कारपेंटर्स. यांच्या गाण्यांतले आवाजांचे थर ऐकले की बहुतेकांचा पहिला प्रश्न यंत्रांचा असतो: माइक कुठला, प्लगइन कुठलं? माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या थरांचं तीन चतुर्थांश काम माइक चालू व्हायच्या आधीच झालेलं असतं. कोणता गळा कोणत्या सुरावर जाणार, कोणता शब्द कोण सोडून देणार, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळं वहीत ठरतं. म्हणून या लेखात वहीला जास्त जागा दिली आहे, मिक्सला कमी.

लागणारं सामान साधं आहे: एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस, बंद कपांचे हेडफोन, कुठलंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि एक कीबोर्ड किंवा पेटी. गाणारे तिघं मिळाले तर उत्तम, पण एकट्यानेही होतं. गिटारवादक लेस पॉल आणि गायिका मेरी फोर्ड या जोडप्याने 1951 च्या ‘हाउ हाय द मून’मध्ये हेच केलं. मेरीचाच आवाज मेरीवर चढवत नेला आणि एका बाईचा आख्खा वाद्यवृंद उभा केला. त्यांच्या साउंड-ऑन-साउंड पद्धतीत नवा आवाज जुन्यात मिसळताना जुनी प्रत पुसली जायची. एक चूक झाली की सगळा डोलारा पहिल्यापासून. आपल्याकडे ‘अनडू’ आहे, आणि तो शिस्तीच्या मुळावर येतो.

पायरी 1: नुसते आवाज ऐका

सबंध गाणं ऐकून हार्मनी सुटी करता येत नाही. सुदैवाने नुसत्या आवाजांची अधिकृत रेकॉर्डिंग उपलब्ध आहेत. बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी 3’ या 1996 च्या संचात ‘बिकॉज’ हे गाणं वाद्यांशिवाय आहे. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ची (1966) नुसत्या गळ्यांची आवृत्ती 1997 च्या ‘द पेट साउंड्स सेशन्स’ या संचात आहे.

‘बिकॉज’पासून सुरुवात करा. जॉन, पॉल आणि जॉर्ज यांनी तीन भाग एकत्र गायले आणि तोच प्रकार आणखी दोनदा केला. म्हणजे नऊ आवाज. हेडफोन लावून एका वेळी एकच भाग पकडायचा आणि त्याच्याबरोबर गुणगुणायचं. वरचा भाग लगेच सापडतो, खालचाही सापडतो. मधला निसटतो. तो निसटला की गाणं थांबवून पेटीवर सूर शोधा. मधला भाग पेटीवर वाजवता यायला लागला, की पुढचं सगळं सोपं जातं.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांना इथे एक अडचण येते. आपला कान एका ओळीवर पोसलेला आहे. दुसरा सूर ऐकू आला की तो ‘साथ’ वाटतो आणि मन मुख्य सुराकडे धावतं. गोव्यातल्या लोकांना हे थोडं सोपं पडतं, कारण मांडो दोन आवाजांत, तिसऱ्या-सहाव्या सुराच्या अंतरावर गायला जातो आणि तो कानावरून गेलेला असतो.

पायरी 2: वहीत भाग लिहा

उदाहरणासाठी एक ओळ घेऊ: ‘सांज सरली, वाट सरेना’. चार शब्द, प्रत्येक शब्दाला एक कॉर्ड, म्हणजे एकत्र लावलेले तीन सूर. कॉर्ड सरगममध्येच लिहू:

सांज: सा ग प
सरली: म ध सां
वाट: प नी रे
सरेना: पुन्हा सा ग प

मुख्य चाल सर्वांत वर ठेवली आहे: प, ध, नी, सां. आता खालचा आवाज. एव्हर्ली ब्रदर्स या गायक-जोडीसारखा नेमाने तिसऱ्या सुराच्या अंतरावर चालला तर तो होतो ग, म, प, ध. पहिले तीन सूर छान बसतात. चौथ्यावर मात्र गडबड होते: सा ग प या कॉर्डमध्ये ध नाही. चुकीचं वाटत नाही, पण ओळ मुक्कामाला पोचत नाही, कुठेतरी उदास लोंबकळत राहते. कधी तेच हवं असतं. नको असेल तर शेवटी ध ऐवजी प वरच थांबायचं. दुसरा गळा झाला: ग, म, प, प.

तिसऱ्या गळ्याने कॉर्डमधला उरलेला सूर घ्यायचा, आणि तोही जवळचाच. सा ग प मधला उरलेला सा. म ध सां मधला उरलेला पुन्हा सा, त्यामुळे हलायचंच नाही. प नी रे मधला रे. शेवटच्या कॉर्डमध्ये वर सां, मध्ये प, म्हणून ग. तिसरा गळा झाला: सा, सा, रे, ग.

आता सगळं एकाखाली एक:

वरचा: प ध नी सां
मधला: ग म प प
खालचा: सा सा रे ग
खर्ज: सा म प सा (मंद्रात, हवा असेल तर)

तिसऱ्या गळ्याची ओळ एकटी गाऊन बघा. तिला चाल म्हणून काही अर्थच नाही. सा, सा, रे, ग. हार्मनीचे आतले भाग असेच असतात आणि असेच असावेत. ज्याला ‘माझ्या भागाला काहीच नाही’ असं वाटतं त्याचा भाग बहुधा बरोबर लिहिलेला असतो. उड्या मारणारा मधला आवाज लक्ष वेधून घेतो आणि वरच्या चालीचा जीव काढतो.

इथवर ही शाळेच्या समूहगीताची हार्मनी झाली. तिला साठच्या दशकात न्यायच्या दोन युक्त्या आहेत.

पहिली, मधला गळा एक सप्तक वर टाका. ग म प प च्या जागी गं मं पं पं. मग खालून वर वाचलं तर सा, प, गं असं ऐसपैस अंतर पडतं. मुख्य चाल मध्ये येते आणि तिच्या डोक्यावर एक पातळ आवाज तरंगतो. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने हे ऐसपैस अंतर द फोर फ्रेशमेन या चौकडीच्या रेकॉर्डी घासून घासून ऐकत आत्मसात केलं. बीच बॉइजच्या गाण्यांत वरचा फॉल्सेटो (नेहमीच्या गळ्यापेक्षा उंच, पातळ आवाज) बहुतेकदा त्याचाच असतो आणि तळाला माइक लव्हचा जाड आवाज.

दुसरी युक्ती खर्जाची. पहिल्या कॉर्डखाली सा ऐवजी प धरून बघा. वरचे तिन्ही गळे तसेच, पण कॉर्ड जमिनीवरून उचलली जाते. बीच बॉइजच्या ‘गॉड ओन्ली नोज’मध्ये खर्ज असाच वारंवार मूळ सुरावर बसायचं टाळतो, म्हणून ते गाणं सतत कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं. एका ओळीत एखादीच कॉर्ड अशी ठेवा. सगळ्याच ठेवल्या तर ऐकणाऱ्याला बसायला जागा उरत नाही.

एक सूचना, जी पाळली नाही तर पुढची कुठलीच पायरी कामाला येणार नाही: जवळजवळचे सूर मंद्र सप्तकात ठेवू नका. तिथे दोन सुरांत निदान पाच-सहा स्वरांचं अंतर हवं. गर्दी करायची ती वर.

पायरी 3: पट्टी ठरवा

मुख्य गायकाच्या सोयीची पट्टी हार्मनीच्या सोयीची असतेच असं नाही. वरच्या गळ्याचा सर्वांत उंच सूर आणि खालच्याचा सर्वांत खालचा सूर आधी काढा आणि मग पट्टी निवडा. पुरुष गायक एकटाच सगळे भाग गाणार असेल तर पांढरी 1 किंवा काळी 1 ला वरची ओळ आरामात बसते. मधला भाग वर टाकला तर तारसप्तकातल्या पंचमापर्यंत फॉल्सेटो लागेल. तो जमतो का हे आधी गाऊन पाहा. नाही जमला तर पट्टी उतरवा. बाई आणि पुरुष मिळून गात असतील तर अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

बी जीजच्या बॅरी गिबचा गाजलेला फॉल्सेटो 1975 मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत, ‘नाइट्स ऑन ब्रॉडवे’च्या शेवटी वरच्या आरोळ्या टाकताना सापडला. निर्माते अरिफ मार्डिन यांनीच कोणीतरी वरच्या पट्टीत ओरडून बघा म्हटलं होतं. तेव्हा आपल्याकडे फॉल्सेटो नाही असं ठरवायच्या आधी एकदा माइकसमोर उभं राहून बघायला हरकत नाही.

पायरी 4: गंधाराचा तंटा मिटवा

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो गंधार आणि कीबोर्डवरचा गंधार एक नाही. पांढरी 1 चा सा 261.6 हर्ट्झ धरला तर तंबोऱ्याचा गंधार 327.0 वर येतो आणि कीबोर्डचा 329.6 वर. कीबोर्डचा सुमारे 14 सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे कीबोर्डच्या शेजारच्या दोन सुरांतलं अंतर). एकट्या गाण्यात हे खपून जातं. तीन आवाज लांब सूर धरून उभे असताना ते कंप पावायला लागतं आणि कारण काही केल्या सापडत नाही.

तोडगा असा: त्या ठिकाणी पियानो, गिटार किंवा ऑर्गन लांब सूर धरून असेल तर कीबोर्डचा गंधार गा. फक्त गळेच असतील, किंवा वाद्य नुसतं टोचून सोडत असेल, तर तंबोऱ्याचा गा. कॉर्ड एकदम चमकते. हाच नियम म च्या कॉर्डमधल्या ध ला आणि प च्या कॉर्डमधल्या नी ला. तिघं गात असतील तर तिघांनी आधी ठरवा. अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरा घेतला तर कुठलंच यंत्र वाचवत नाही.

आणि आंदोलन बंद. कणस्वर, मींड, शेवटची हरकत हे सगळं मुख्य गायकाकडे राहू दे. हार्मनीचा सूर सपाट, काडीसारखा सरळ. शिकलेल्या गायकांना हे सर्वांत जड जातं. गळा आपोआप वळतो. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: सूर लावल्यावर हाताची मूठ घट्ट धरायची आणि सूर संपेपर्यंत सोडायची नाही. हास्यास्पद दिसतं, पण काम करतं.

पायरी 5: खोली

पंखा बंद. फ्रिज शेजारच्या भिंतीपलीकडे असेल तर तोही तेवढा वेळ बंद. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा. लोक माइकच्या मागे टांगतात, पण माइक ऐकतो ते गाणाऱ्याच्या मागून परत येणारं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याला पाठ करून उभं राहिलं तरी चालतं.

मुख्य आवाजासाठी माइकपासून एक वीत. हार्मनीसाठी दीड ते दोन वीत, कारण लांबून आवाजाचा खालचा जाडपणा कमी येतो आणि थर चढवताना तोच जाडपणा साचून चिखल होतो. तिघं एकत्र गाणार असाल आणि माइकला दोन्ही बाजूंनी ऐकायची सोय असेल तर ती वापरा: दोघं एका बाजूला, एक समोर. बीटल्सचं ‘धिस बॉय’ हे 1963 चं गाणं तिघांनी एकत्र उभं राहून गायलेलं आहे. अशा वेळी आवाजाचा समतोल फेडरने (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने) साधायचा नसतो, पावलाने साधायचा असतो. ज्याचा आवाज मोठा तो अर्धं पाऊल मागे.

24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा सूर उणे 10 डेसिबलच्या आसपास. यापेक्षा जास्त विचार करायची गरज नाही.

पायरी 6: गाण्याचा क्रम

मुख्य चाल आधी कच्ची गाऊन ठेवा. ही वाटाड्या म्हणून. पक्की मुख्य चाल सगळ्या हार्मनी झाल्यावर शेवटी गायची, कारण तोवर गाण्याचा ताल आणि भाव अंगात मुरलेला असतो. मग खालचा गळा. मग वरचा. हार्मनीत मधला सर्वांत शेवटी, कारण त्याला दोघांच्या मध्ये बसायचं आहे आणि दोघं आधी पक्के असले पाहिजेत.

प्रत्येक भाग झाला की लगेच त्याची दुसरी प्रत गा. सगळे भाग संपवून मग परत फिरायचं नाही. आवाजाचा पोत तासाभरात बदलतो आणि जोडी जुळत नाही. दुसरी प्रत गाताना पहिली प्रत हेडफोनमध्ये हळू ठेवा. मोठी ठेवली तर तुम्ही तिच्या मागे मागे गाता आणि प्रत्येक शब्द जरा उशिरा पडतो. एका कानावरचा हेडफोन सरकवून ठेवा म्हणजे स्वतःचा खरा सूर कळतो. हेडफोनमध्ये फक्त कच्ची चाल आणि शेजारचा एक भाग द्या. आठ आवाज एकदम कानात घेऊन कोणीही नीट गात नाही.

आता शब्द. ‘सांज सरली, वाट सरेना’ मध्ये ‘स’ तीनदा येतो. सहा आवाजांनी सहा वेगवेगळ्या क्षणी ‘स’ म्हटलं तर सापाचं वारूळ फुटल्यासारखं होतं. तेव्हा ‘स’ पूर्ण फक्त मुख्य गायकाने म्हणायचा. बाकीच्यांनी त्याला नुसता स्पर्श करून स्वरावर यायचं: ‘आंज’, ‘अरली’च्या जवळपास. वेगळं ऐकलं तर बोबडं वाटतं, एकत्र ऐकलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. ‘वाट’चा ‘ट’ बाकीच्यांनी टाळायचाच. ‘वा’ धरून ठेवा आणि ठरलेल्या मात्रेवर आवाज बंद करा. ‘सांज’मधला अनुस्वार मोठा धोका. कोणी नाकात लवकर शिरतं, कोणी उशिरा. वहीत लिहून ठेवा: तीन मात्रा ‘आ’, चौथ्या मात्रेवर नाक.

‘ली’ची ई पातळ आणि टोकदार असते. ती सहापट झाली की कानाला बोचते. हार्मनीच्या गायकांनी ओठ थोडे गोल करून ती ‘ए’च्या दिशेने झुकवायची. मुख्य गायकाची ई स्वच्छ राहिली की ऐकणाऱ्याला सगळ्यांची ईच ऐकू येते. उलट ‘ना’चा आ उघडा आणि सारखा असला पाहिजे. तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून जबडा सारखा उघडायचा. एकट्याने गाताना समोर आरसा ठेवा.

श्वासाच्या जागा सगळ्यांच्या एक. वहीत टिंब द्या. लांब सूर असेल आणि दम पुरत नसेल तर मात्र उलट: दोन प्रतींत श्वास वेगवेगळ्या जागी घ्या, म्हणजे सूर कुठेच तुटत नाही.

पायरी 7: थर किती?

तीन भाग, प्रत्येकी दोन प्रती: सहा आवाज. बहुतेक गाण्यांना हे पुरतं. पुढे जायचं तर तिहेरी करा. कारपेंटर्सच्या गाण्यांत कॅरन आणि रिचर्ड ही दोनच भावंडं अनेकदा चार भाग गायची आणि प्रत्येक भाग तिहेरी करायची, म्हणजे बारा आवाज. दोनापेक्षा तीन प्रती चांगल्या, असं माझंही मत आहे. दोन आवाजांतला फरक कानाला ‘दोन’ म्हणून कळतो. तीन झाले की तो मोजणं सोडून देतो.

क्वीनची तऱ्हा वेगळी. 1975 च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या ऑपेरा भागात फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी भाग वाटून घेण्याऐवजी एकेक ओळ तिघांनी मिळून गायली, मग पुढची ओळ, मग त्याच्या प्रती. त्यामुळे प्रत्येक सुरात तिन्ही पोत मिसळले. सर्वांत वरचे कर्कश सूर टेलरचे. टेप 24 ट्रॅकची असूनही जागा संपत राहिली आणि आवाज पुन्हा पुन्हा एकत्र करून उतरवावे लागले. मर्क्युरी शाळकरी वयात पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये होता, पियानो तिथेच शिकला आणि द हेक्टिक्स नावाचा पहिला बँडही त्याने तिथेच मित्रांबरोबर काढला. महाबळेश्वरला जाणाऱ्या निम्म्या लोकांना याची कल्पना नसते.

तुम्ही तिघं असाल तर क्वीनची पद्धत करून बघाच. ज्याला फॉल्सेटो येत नाही त्याने वरच्या ओळीत हळू गायचं, पण गायचं.

थर वाढवताना दर प्रतीला काहीतरी बदला. माइकपासून अर्धं पाऊल मागे, किंवा खोलीत दुसऱ्या कोपऱ्याकडे तोंड, किंवा थोडा हवेशीर आवाज. एकाच जागी एकाच गळ्याने दहा प्रती गायल्या की आवाज जाड होत नाही, नुसता मोठा आणि नाकातला होतो.

याच अडचणीवर आबाचे ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो यांनी टेपच्या वेगाचा उतारा काढला. दुसरी प्रत घेताना टेपचा वेग किंचित बदलायचा आणि नंतर मूळ वेगाला आणायचा. आवाजाचा पोत बदलतो, सूरही केसभर हलतो आणि आग्नेथा आणि फ्रिडा या दोघींच्या चार-सहा झालेल्या दिसतात. घरी करायचं तर वाटाड्या ट्रॅक 10 सेंट वर सरकवा (वेगाच्या हिशेबात साधारण 0.6 टक्के), त्यावर गा आणि मग तुमचा आवाज 10 सेंट खाली आणा. सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि सूर एकत्र बदलणारी सोय निवडा, नुसता सूर बदलणारी नको. दुसऱ्या प्रतीला हेच उलट दिशेने. 15 सेंटच्या पुढे गेलात की बेसूर वाटायला लागतं.

ज्याला दोनदा गायचा कंटाळा आहे त्याच्यासाठीही जुना इलाज आहे. जॉन लेननला तो होता, म्हणून 1966 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी एडीटी (आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग) शोधलं: एकाच आवाजाची दुसरी टेप किंचित मागे-पुढे सरकवत पहिलीवर वाजवायची. आज ट्रॅकची प्रत काढा, 25 ते 40 मिलिसेकंद मागे न्या आणि तो उशीर सतत दोन-तीन मिलिसेकंदांनी हळूहळू हलता ठेवा. स्थिर उशीर पत्र्यासारखा वाजतो, म्हणून हलणं महत्त्वाचं. मुख्य आवाजाला हे शोभतं. हार्मनीला मात्र खऱ्या प्रतीच हव्यात. एडीटीने सहा आवाज बारा केले की धुकं वाढतं, थर वाढत नाही.

मध्येच एक आडवाट: आवाजांची पेटी

‘आय ॲम नॉट इन लव्ह’ या 1975 च्या गाण्यात 10सीसी या बँडने स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत जे केलं ते घरी करून बघण्यासारखं आहे. तिघांनी एकच सूर ‘आ’कारात 16 वेळा गायला. झाले 48 आवाज. मग पुढचा सूर. असं सप्तकातल्या सगळ्या सुरांचं केलं. प्रत्येक सुराची टेप गोल जोडून सतत फिरती ठेवली आणि मिक्सरचे फेडर वरखाली करत गाण्याच्या कॉर्ड ‘वाजवल्या’. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून तळाला चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे न लागणारे सूरही मागे हलकेच श्वास घेत राहिले.

घरगुती आवृत्ती: गाण्यात लागणारे फक्त सात सूर घ्या. प्रत्येक सूर दहा सेकंद, आठ वेळा. 56 टेक, म्हणजे एका दुपारचं काम. प्रत्येक सुराच्या आठ प्रती मिसळून एक फाइल करा. सुरुवात आणि शेवट एकमेकांत विरघळवून ती न तुटता फिरती करा आणि सात फेडरवर लावा. ‘सांज’ला सा ग प वर, ‘सरली’ला सा तसाच ठेवून ग आणि प खाली, म आणि ध वर. बंद सूर उणे 35 डेसिबलला ठेवा, अगदी बंद नको. हे सिंथमधल्या तयार ‘कोरस’ आवाजापेक्षा इतकं निराळं लागतं की एकदा केल्यावर परत तिकडे जाववत नाही.

पायरी 8: सफाई

सुरुवातींपेक्षा शेवट महत्त्वाचे. शब्द जरा पुढेमागे पडला तर तो माणसांचा वाटतो, पण सूर सोडताना सहा जण सहा वेळा सोडत असतील तर ओळ उसवते. म्हणून आधी प्रत्येक ओळीचा शेवट जुळवा: फाइल कापून छोटा उतार द्या, बस. श्वास फक्त मुख्य आवाजाचे आणि हार्मनीच्या एका प्रतीचे ठेवा.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर असेल तर ते प्रत्येक भागाच्या एकाच प्रतीला, तेही जिथे खरंच सूर घसरला आहे तिथेच. सगळ्या प्रती कीबोर्डवर खिळल्या की त्या एकमेकींत विरघळून एकच आवाज होतो आणि सहा वेळा गाण्याची मेहनत पाण्यात जाते. जो टेक वीस सेंट घसरलाय तो परत गा. लवकर होतं.

मग प्रत्येक भागाच्या प्रती एकत्र करून एकाच ट्रॅकवर उतरवा आणि मूळ ट्रॅक दडवून ठेवा. चार ट्रॅकच्या काळात लोकांना हे नाइलाजाने करावं लागे. आज ते मुद्दाम करायचं, कारण समोर चाळीस फेडर असले की माणूस रात्रभर तेच हलवत बसतो.

पायरी 9: मिक्स

हार्मनीच्या सगळ्या ट्रॅकचा एक गट करा. 120 हर्ट्झखालचं काढून टाका. 300 च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी. ‘स’ अजून टोचत असेल तर 6 ते 8 किलोहर्ट्झमध्ये हलका डीएसर. गटावर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) 3:1 ला, सर्वांत मोठ्या सुरावर तीन-चार डेसिबल दाबेल इतका.

पॅन करताना, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे मांडताना, एका भागाच्या दोन प्रती समोरासमोर: खालचा गळा मध्याजवळ, मधला अर्ध्यावर, वरचा पार टोकाला. तिहेरी असेल तर तिसरी प्रत मध्यात, जरा हळू.

प्रतिध्वनीसाठी त्या काळी खऱ्या खोल्या होत्या. हॉलीवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओच्या त्यासाठी फार नावाजल्या गेल्या. 1957 पासून ईएमटी 140 हा लोखंडी पत्रा आला, वजन सुमारे 270 किलो. तुमच्याकडे बाथरूम आहे. फरशी आणि टाइल्स असल्यामुळे ते उत्तम वाजतं. आत एक स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवा, माइक दुसऱ्या कोपऱ्यात, दार बंद, आणि हार्मनीचा गट त्यातून वाजवून परत रेकॉर्ड करा. इमारतीचा जिना आणखी चांगला, शेजाऱ्यांशी संबंध बरे असतील तर. तयार रिव्हर्ब वापरायचा तर प्लेट निवडा, शेपूट दोन सेकंदांच्या आत, आणि आधी 30 मिलिसेकंदांचा उशीर, म्हणजे शब्द स्पष्ट राहतात. रिव्हर्बकडे जाणाऱ्या सिग्नलमधून 600 हर्ट्झखालचं आणि 10 किलोहर्ट्झवरचं कापा. ॲबी रोडच्या, म्हणजे लंडनच्या त्याच ईएमआय स्टुडिओच्या, इंजिनिअरांची ही जुनी खोड आहे आणि गळ्यांना ती फार मानवते.

हार्मनी किती मोठी ठेवायची? डोळे मिटून मुख्य चाल गुणगुणता आली पाहिजे. वरचा गळा तिच्यापेक्षा उंच असेल तर कान त्याच्याकडेच जातो, म्हणून त्याला सर्वांत हळू ठेवा आणि खालच्याला थोडं जास्त द्या. ब्रायन विल्सनच्या बाबतीत मला नेहमी गंमत वाटते ती ‘गॉड ओन्ली नोज’च्या शेवटाची. एकमेकांत गुंफलेल्या त्या आवर्तनांत केवढी माणसं असतील असं वाटतं. बँडमधल्या ब्रूस जॉन्स्टनच्या सांगण्याप्रमाणे ब्रायनचा भाऊ कार्ल दमून घरी गेला होता, म्हणून मधली ओळ ब्रूसने गायली आणि वरची आणि खालची दोन्ही ब्रायनने.

शेवटची तपासणी मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून. विल्सनला उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नव्हतं आणि ‘पेट साउंड्स’ मोनोतच मिक्स झाली. तुमचं गाणंही बहुतेक जण फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणार आहेत. मिक्स मोनो करून फोनवर लावा. वरचा गळा गायब झाला तर त्याच्या दोन प्रती एकमेकींना खात आहेत: एक प्रत परत गा, किंवा दोन्ही जरा मध्याकडे ओढा. मधला गळा ऐकू येईनासा झाला तर फेडर वर करायच्या आधी वही उघडा. बहुधा तो मुख्य चालीच्या फार जवळ लिहिला गेलेला असतो आणि तो एक सप्तक वर टाकला की काम होतं.

सगळं झालं की प्रत्येक भागाची वेगळी फाइल काढून ठेवा, वहीचं पान फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका आणि पट्टी, गती आणि कुठला गंधार गायलात ते फाइलच्या नावातच लिहा. सहा महिन्यांनी दुसरा अंतरा जोडायला बसाल तेव्हा लागेल.